झाडांची छाटणी मे महिन्यात नको, थंडीत करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आत्ताच झाली, आमच्या गेटवरचा कंदील अजून उतरवलेला नाही, आणि मी तुम्हाला झाडांच्या छाटणीबद्दल लिहितेय. वाचणाऱ्याला वाटेल हिला आत्ता काय सुचलं, छाटणी तर मे महिन्यात असते, पावसाच्या आधी. तेच तर सांगायचंय. ती मे महिन्यात असते इथेच सगळं बिघडतं, आणि ते बदलायचं असेल तर आत्ताच बोलायला हवं, मे मध्ये बोलून काही होत नाही, तोवर खाली टेम्पो येऊन उभा राहिलेला असतो आणि मशीनचा आवाज सुरू झालेला असतो.

आमची सोसायटी मुलुंडला आहे, जुनी, चार मजल्यांच्या तीन बिल्डिंग. आवारात 23 झाडं आहेत, मी स्वतः मोजलीत कारण पालिकेच्या परवानगीच्या अर्जात लिहावी लागतात. दोन मोठे पर्जन्यवृक्ष, म्हणजे ज्याला सगळे रेन ट्री म्हणतात ते, बिल्डिंग व्हायच्या आधीपासूनचे, मग सोनमोहर, जंगली बदाम, एक रायवळ आंबा, सहा नारळ आणि भिंतीला लागून तो उंच सरळ अशोक, जो खरा अशोक नाही. गुलमोहर एक होता. तो कसा गेला ते आधी सांगते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे दरवर्षी जसं होतं तसंच झालं, मार्च एप्रिलमध्ये कोणाच्या लक्षात नाही, मे च्या मध्यावर मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं अहो झाडांचं काय, पाऊस तोंडावर आलाय. मग घाईघाईत अर्ज. चूक आमचीच, उशीर आम्हीच केला होता, मी तेव्हाही कमिटीत होते. परवानगी आली, जो कॉन्ट्रॅक्टर लगेच येतो म्हणाला त्याला काम दिलं, आणि मे च्या शेवटच्या आठवड्यात चार पोरं आली, एक चेनसॉ, दोन कोयते, एक दोर, पायात स्लिपर. डोक्यावर हेल्मेट नाही, कमरेला पट्टा नाही. त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं, त्या पोरांना मी दोष देत नाही. आमच्यातल्या एकांनी खालून सांगितलं, "पार्किंगवर काही पडायला नको, चांगलं मोकळं करा." त्यांनी केलं मोकळं. गुलमोहराच्या पार्किंगच्या बाजूच्या सगळ्या फांद्या बुंध्यापासून उडवल्या, आणि रस्त्याच्या बाजूच्या तशाच ठेवल्या कारण तिकडे पार्किंग नव्हतं. झाड एका अंगाला झुकल्यासारखं दिसायला लागलं. मला ते बघून कसंतरी झालं होतं पण मी काही बोलले नाही, वाटलं पोरांना कळत असेल.

त्याच्या आधी दोन वर्षं आम्ही पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवले होते, अगदी बुंध्याला टेकवून, आणि ड्रेनेज लाईनसाठी त्याच बाजूला जेसीबीने चर खणला होता. गुलमोहराची मुळं खोल जात नाहीत, वरच्यावर लांब पसरतात, ती पार्किंगच्या बाजूची मुळं तेव्हाच तुटली होती. म्हणजे बघा, एका बाजूची मुळं गेलेली, त्याच बाजूच्या फांद्याही गेलेल्या, सगळं वजन रस्त्याकडे, आणि त्या वजनाला मागून ओढून धरायला मुळंच नाहीत. जुलैत एका दुपारी, वारा म्हणावा तसा नव्हताही, झाड मुळासकट उपटून कंपाउंड वॉलवर पडलं आणि भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या रिक्षाचं टप चेपलं. रिक्षावाला समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेला होता. तो परत येऊन नुसता उभा राहिला, हातात तो कागदी कप, आणि कोणाशी काही बोलला नाही. त्याचा तो चेहरा आठवला की अजून झोप लागत नाही.

सगळे म्हणाले वादळाने झाड पडलं, झाडं असतातच धोक्याची. मी म्हणते ते आम्ही पाडलं, मे महिन्यात पैसे देऊन पाडलं.

माझं आजोळ पिंपळगाव बसवंतचं, मामांची द्राक्षबाग. छाटणी हा शब्द मी तिथे शिकले. द्राक्षाला वर्षातून दोनदा छाटणी असते, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड्या बहराची, आणि ऑक्टोबर छाटणीला मामा एकेका काडीवरचे डोळे, म्हणजे जिथून फूट येते त्या जागा, मोजायचे, कुठल्या डोळ्यावर कापायचं ते ठरवून कात्री लावायचे. मजूर नवीन असला तर पहिली ओळ मामा स्वतः त्याच्या शेजारी उभे राहून करून घ्यायचे. एक काडी चुकीची कापली तर वर्षाचं पीक जातं, म्हणून जिवाला लावून काम. आणि इथे शहरात आपण तोच शब्द वापरतो, छाटणी, पण करतो काय, टेम्पो भरेपर्यंत तोडतो. टेम्पो भरला की काम चांगलं झालं असं आपल्यालाही वाटतं, आणि कॉन्ट्रॅक्टरलाही जाड लाकूड मिळालं की बरंच असतं, बारीक वाळक्या फांद्यांना कोण विचारतो. पण वरून खाली पडून माणसाला लागते ती बहुतेक वेळा तीच वाळकी फांदी, जी वरच राहिलेली असते कारण तिथपर्यंत कोणी चढलंच नाही.

आता रेन ट्रीचं सांगते, कारण हे फार सोसायट्यांमध्ये झालेलं मी रस्त्याने जाताना बघते. त्याच मे मध्ये आमच्या एका रेन ट्रीचा शेंडा आणि सगळ्या मोठ्या फांद्या अर्ध्यातून कापल्या, नुसते खुंट उभे. पाऊस झाला आणि प्रत्येक खुंटाच्या तोंडाशी झाडूसारखे धुमारे फुटले, दहा दहा पंधरा पंधरा, भराभर वाढले, दोन वर्षांत झाड पुन्हा गच्च हिरवं. लोक म्हणाले बघा, उगाच ओरडत होतात, किती छान फुटलं. पण ती फूट आणि मूळची फांदी यात फार फरक आहे. मूळची फांदी खोडाच्या आतून, गाभ्यापासून वाढत आलेली असते, तिच्याभोवती खोड दरवर्षी एकेक थर चढवत गेलेलं असतं, ती घट्ट रोवलेली असते. हा धुमारा नुसता वरच्या सालीखाली चिकटलेला असतो, आणि खाली तो खुंट आतून कुजायला लागलेला असतो कारण एवढी मोठी जखम झाडाला बुजवता येत नाही. वर पंधरा फुटांची ओली जड फूट, खाली कुजका खुंट. दुसऱ्याच पावसाळ्यात त्यातली एक खाली आली. म्हणजे झाड सुरक्षित करायला जे केलं त्यानेच ते धोक्याचं झालं, आणि आता दर दोन वर्षांनी पुन्हा कापत राहावं लागणार, पुन्हा खर्च, पुन्हा धुमारे. झाडाचा शेंडा मारायचा नाही, एवढं जरी सगळ्या सेक्रेटरींनी लक्षात ठेवलं तरी खूप होईल.

मला हे सगळं आधी माहीत नव्हतं. आमच्याकडे नारळ उतरवायला रायगडकडचे एक जण येतात, वय साठीच्या पुढचं, आम्ही त्यांना मामाच म्हणतो. गुलमोहर पडल्यावर पुढच्या जानेवारीत ते आले तेव्हा मी त्यांना सोनमोहराची एक वाळकी फांदी दाखवली, बाल्कनीवर आलेली, म्हटलं ही काढाल का, परवानगी घेतलीय. ते वर गेले, मी खाली. मला वाटलं वरून करवत लावतील. तर म्हणाले, "ताई, आधी खालनं. वरनं लावली तर फांदी आपल्या वजनानं मोडते नि जाताना झाडाचं कातडं घेऊन जाते." बुंध्यापासून हातभर अंतरावर त्यांनी खालून थोडीशी चीर दिली, तिसरा हिस्सा असेल. मग तिच्या थोडं पुढे वरून कापलं, फांदी टणकन मोडून दोराला लटकली, हळूहळू खाली सोडली. साल कुठेही सोलली नाही. मग जो हातभर खुंट उरला होता तो तिसऱ्या कापात काढला, आणि तो कुठे कापायचा ते मला वर बोलावून दाखवायला लागले, मी कुठली चढतेय, पण दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून नीट दिसलं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, तान्ह्या बाळाच्या मनगटाला वळी असते ना तसं. त्या वळीच्या जरा बाहेरून कापायचं. वळी कापली तर जखम भरत नाही, आणि वळीपासून लांब खुंटी ठेवली तरी भरत नाही, ती खुंटी कुजते आणि कूज खोडात उतरते. वळी शाबूत ठेवली तर तिथूनच नवी साल चारी बाजूंनी आत यायला लागते. मी दरवर्षी बघते, आता त्या जागेवर बांगडीसारखं गोल कडं आलंय आणि मधलं उघडं लाकूड रुपयाएवढं राहिलंय. शेजारी कॉन्ट्रॅक्टरने तोडलेल्या फांदीची जागा आहे, तिथली साल तीन फूट खालपर्यंत सोलून निघालीय आणि आत काळी पोकळी झालीय, पावसात तिच्यातून पाणी झिरपतं. दोन्ही जखमा एकाच झाडाला, हाताच्या अंतरावर. कोणीही येऊन बघावं.

जखमेवर ऑइल पेंट किंवा डांबर फासायची पद्धत आहे आपल्याकडे, त्याचा उपयोग नाही, उलट ओल आत कोंडते. फळबागेत मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात ती गोष्ट वेगळी.

आता थंडीत का. एकतर आत्ता, नोव्हेंबर डिसेंबरमध्ये, वाळकी फांदी ओळखायला सगळ्यात सोपी असते, बाकी झाड हिरवं आणि ती एकटी उघडी. फेब्रुवारी मार्चमध्ये रेन ट्रीची पानं झडतात तेव्हा सगळ्याच फांद्या वाळक्या दिसतात आणि ओळखता येत नाही. म्हणून आत्ता खालून बघून फोटो काढून ठेवायचे, कुठली फांदी ते लिहून ठेवायचं, आणि जानेवारी फेब्रुवारीत कापायचं. तेव्हा झाड नवी पालवी फोडायच्या बेतात असतं, जखम लवकर भरायला लागते. मे मध्ये काय होतं, झाडाने आपला साठा घालून नवी पानं काढलेली असतात आणि आपण नेमकी तीच उडवतो, वर ऊन असं की सावलीत वाढलेली साल एकदम उघडी पडली की भाजून तडकते आणि त्या भेगांतून कीड आत शिरते. आणि आपल्याला सावली सगळ्यात जास्त लागते तेव्हाच आपण ती तोडून टाकतो, नंतर वरच्या मजल्यावरचे म्हणतात यंदा एसी फार चालवावा लागला.

आंब्याला मात्र थंडीत हात लावू नये, मोहोराचा वेळ असतो, त्याचं फळं उतरल्यावर बघावं. नारळाचं उलटं, त्याला पावसाच्या आधी झावळ्या आणि तयार नारळ उतरवायलाच हवेत, पण फक्त वाळून खाली लोंबणाऱ्या झावळ्या. हिरव्या आडव्या झावळ्यासुद्धा काढून शेंडीएवढं ठेवतात ते चूक, त्याने नारळ कमजोर होतो.

पक्ष्यांचं तर विचारूच नका. कावळे घरटं बांधतात ते एप्रिलपासून जूनपर्यंत, गावाकडे कावळ्याने घरटं झाडाच्या कुठल्या बाजूला बांधलं त्यावरून पाऊस कसा होणार सांगतात, म्हणजे मे महिन्यात घरटं असतंच हे आपल्या आजी आजोबांनाही ठाऊक होतं. त्या वर्षी रेन ट्रीची फांदी पडली तिच्याबरोबर घरटं खाली आलं, काड्या कमी आणि वायरचे तुकडे जास्त, आत चार पिल्लं, पिसं फुटत आलेली, डोळे बंद, सगळ्यांची लाल तोंडं वर उघडलेली, कारण फांदी हलली की आई आली असं त्यांना वाटत असणार. तीन तिथेच गेली. एकाला आम्ही खोक्यात घालून गच्चीवर ठेवलं, तेही संध्याकाळपर्यंत गेलं. कावळे पुढे आठवडाभर वॉचमनच्या डोक्यावर झडप घालत होते. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी, घरटी विस्कटणंही धरलंय, हे किती सोसायट्यांना माहीत आहे? आणि जून ते सप्टेंबर तर बगळ्यांच्या वसाहती असतात मोठ्या झाडांवर. थंडीत झाड त्या मानाने मोकळं असतं, तरी कापायच्या आधी एकदा नीट बघावं, घुबड आणि पोपट ढोलीत तेव्हाच असतात, ढोलीला हात लावू नये.

आणि घाबरणाऱ्या लोकांना मी वेड्यात काढत नाही. जुलै 2017 मध्ये चेंबूरला नारळाचं झाड अंगावर पडून रस्त्याने चाललेल्या एक बाई गेल्या, त्याचं सीसीटीव्ही फुटेज सगळ्यांनी बघितलंय, ते बघून कोणीही घाबरेल. आमच्याकडे तळमजल्यावर दिवसा लाईट लावावा लागतो, डास होतात, त्या घरातल्या आजी म्हणतात काढून टाका सगळं. त्यांचं म्हणणं खरं आहे. पण त्याला उपाय झाड बोडकं करणं नाही, आतल्या एकमेकींना घासणाऱ्या फांद्या, वाळक्या, रोगट, खिडकीत घुसणाऱ्या, एवढ्या निवडून काढल्या की उजेडही येतो आणि वारा झाडाच्या आरपार जातो, वादळात झाड कमी ढकललं जातं. एका वर्षात झाडाचा चौथ्या हिश्श्याहून जास्त हिरवा भाग काढायचा नाही, म्हाताऱ्या झाडाचा तर त्याहून कमी. आणि दोन्ही बाजूंनी तोल बघून. आणि गुलमोहराच्या बुडाशी मशरूमसारखी कडक तपकिरी टोपी उगवलेली दिसली तर ती टोपी नुसती कापून टाकून गप्प बसू नका, बुंधा आतून कुजतोय त्याची ती खूण असते, जाणकाराला बोलवा. त्या झाडाला खरंच काढावं लागेल, मग ते रीतसर काढावं, माझी त्याला हरकत नाही.

मे च्या मुहूर्ताबद्दल आणखी एक. तौक्ते वादळ 17 मे 2021 ला आलं, मुंबईत किती झाडं पडली ते आपण बघितलं. त्याच्या आदल्या वर्षी निसर्ग वादळ आलं ते 3 जूनला. म्हणजे ज्यांची छाटणी 25 मे, 30 मे ला व्हायची होती त्यांच्या वाळक्या फांद्या तौक्तेच्या दिवशी झाडावरच होत्या. जे फेब्रुवारीत करता आलं असतं ते आपण वादळाच्या तारखेपर्यंत ओढत नेतो.

कायद्याचंही थोडं. 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम शहरी भागाला लागू आहे, त्यात झाड तोडणं या शब्दात जाळणं, कापणं आणि कुठल्याही रीतीने झाडाला इजा करणं असं सगळं येतं. म्हणजे परवानगीशिवाय तर नाहीच, आणि छाटणीची परवानगी घेऊन शेंडा मारणं हीसुद्धा इजाच झाली. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांच्या पुढचं झाड हेरिटेज ट्री मानतात, आपल्या जुन्या सोसायट्यांमध्ये अशी कितीतरी असतील. पालिकेच्या गेल्या वृक्षगणनेत मुंबईत पावणेतीस लाख झाडं मोजली गेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त खाजगी आवारात आहेत, म्हणजे आपल्या कंपाउंडच्या आत. रस्त्यावरची पालिका छाटते, ही आपली आपण छाटून घ्यायची आहेत. तेव्हा शहरातली निम्मी झाडं कशी कापली जाणार हे सोसायटीच्या कमिट्या ठरवतात, ज्यात माझ्यासारखी, झाडातलं काही न कळणारी माणसं असतात.

म्हणून माझी पालिकेला हात जोडून विनंती आहे की नोव्हेंबर डिसेंबरमध्येच सोसायट्यांना अर्ज करायला सांगावं आणि परवानगीच्या कागदावर कुठली फांदी, कुठून कापायची, ते लिहून द्यावं, नुसतं "छाटणीस परवानगी" असं नको. झाडावर चढणाऱ्या मुलांना चार दिवस शिकवून एक कार्ड द्यावं, हेल्मेट आणि पट्टा सक्तीचा करावा, आणि ज्याच्याकडे कार्ड आहे त्यालाच काम द्यायचं असं ठरवावं. त्या पोरांच्या जिवाचाही प्रश्न आहे. वायरच्या जवळची फांदी असेल तर लाईट कंपनीला सांगून सप्लाय बंद केल्याशिवाय कोणी हात लावू नये. आणि सोसायट्यांनी बुंध्याभोवतीचं काँक्रिट, पेव्हर ब्लॉक निदान मीटरभर काढावेत, दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच असा आदेश दिला होता. आम्ही गेल्या वर्षी काढले, दोन गाड्यांची जागा गेली, भांडणं झाली, पण रेन ट्रीच्या खाली आता पाणी मुरतं आणि पालापाचोळा तिथेच पसरतो, जाळत नाही.

आमचा यंदाचा अर्ज तयार आहे, 23 मधल्या 7 झाडांच्या 11 फांद्या, प्रत्येकीचा फोटो लावलाय. नारळवाले मामा जानेवारीत येणार आहेत, त्यांच्याबरोबर त्यांचा पुतण्या येईल, त्याच्यासाठी पट्टा आणि हेल्मेट सोसायटीने घेतलंय, बिल मेंटेनन्समधून.

संपादकसाहेब, दरवर्षी जूनमध्ये तुमच्या पेपरात पडलेल्या झाडाचा आणि चेपलेल्या गाडीचा फोटो पहिल्या पानावर असतो. हे पत्र तेव्हासाठी राखून ठेवू नका, याच महिन्यात छापा, म्हणजे डिसेंबरच्या कमिटी मीटिंगच्या अजेंड्यावर कोणीतरी हा विषय घेईल.

आपली,
एक रहिवासी आणि कमिटी सदस्य,
मुलुंड, मुंबई